धावपट्टी कोणाची?

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशात पहाटेच्या वेळी विमानसेवेतले सर्वांत मोलाचे काम करणारा माणूस विमानात बसलेला नसतो. गवताळ उताराच्या कडेला तो रेडिओ घेऊन उभा असतो. खोऱ्यावरचा ढग किती वर उचलला आहे, रात्री पाऊस पडला काय, वारा कोणत्या बाजूचा आहे आणि पट्टीवर डुकरे तर शिरलेली नाहीत ना, एवढेच तो वैमानिकाला कळवतो. इथल्या अनेक धावपट्ट्यांना दहा-बारा टक्क्यांचा चढ असतो. उतरताना विमान चढाला लागते, निघताना उताराला. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. ठरावीक अंतरापलीकडे आल्यावर उतरण्याचा निर्णय मागे घेता येत नाही, कारण वळायला जागाच उरत नाही. दुपारपर्यंत ढग खाली येतात आणि त्या दिवसापुरते आकाश मिटते. गवत कापणे, पावसाने पडलेल्या घळी बुजवणे, प्रवाशांचे आणि कॉफीच्या पोत्यांचे वजन करणे, एकच जागा उरली असेल तर आजारी बाईला आधी पाठवायचे की शाळेच्या शिक्षकाला याचा विचार करणे, ही सगळी कामे गावातलीच माणसे करतात आणि अनेक ठिकाणी ती विनावेतन करतात.

ख्रिस्ती मिशनरी विमानसेवेबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बोलले जाते तेव्हा दोनच सूर लागतात. एकाला त्यात निव्वळ करुणा दिसते, दुसऱ्याला निव्वळ धर्मांतराचे यंत्र. दोन्ही सूर वैमानिकाकडे आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या चर्चकडे पाहतात. त्या रेडिओवाल्याकडे कोणी पाहत नाही. धोरणाचा खरा प्रश्न मात्र त्याच्यापाशी सुरू होतो. दुर्गम वस्तीपर्यंत विमान न्यायचे असेल तर ते कधी यावे, कोणाला घेऊन यावे आणि कोणाला घेऊन जावे हे कोणी ठरवायचे? भारताने ही मिशनरी विमाने आपल्या आकाशात कधी रुजू दिली नाहीत. तरी हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही, आणि गडचिरोलीच्या पावसाळ्यात तर तो दरवर्षी नव्याने उभा राहतो.

या सेवेचा उगम ऑस्ट्रेलियात सापडतो. जॉन फ्लिन हा प्रेस्बिटेरियन पाद्री ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’चे काम पाहत असे. शेकडो मैलांच्या ओसाड माळरानावर विखुरलेल्या कुरणवाल्यांना आणि मजुरांना डॉक्टर मिळत नाही, म्हणून डॉक्टरच आकाशातून पाठवावा, ही त्याची कल्पना. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून भाड्याच्या एका डी हॅविलँड विमानाने पहिले उड्डाण केले. परंतु विमान आले तरी रोगी कुठे आहे हे त्याला कळणार कसे? ती गाठ सोडवली आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने. सायकलसारखे पायडल मारून वीज निर्माण करणारा त्याचा रेडिओ १९२९ पासून वस्त्यांवर पोहोचू लागला आणि घरात एकट्या राहणाऱ्या बायका त्यावरून डॉक्टरशी बोलू लागल्या. फ्लिनच्या सेवेला कालांतराने ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ हे नाव मिळाले, सरकारी निधी मिळाला, आणि तिच्यातला धर्मप्रसाराचा अंश जवळजवळ विरून गेला. मिशनमधून जन्मलेली सेवा सार्वजनिक सेवेत कशी रूपांतरित होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. हे रूपांतर सगळीकडे झाले नाही, हेही तितकेच खरे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये युद्धातून परतलेले श्रद्धाळू वैमानिक होते आणि त्यांच्या हातात युद्धाने दिलेले कौशल्य होते. १९४५ मध्ये अमेरिकेत ‘ख्रिश्चन एअरमेन्स मिशनरी फेलोशिप’ स्थापन झाली. हीच पुढे ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे पहिले उड्डाण १९४६ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या दिशेने झाले आणि ते केले बेटी ग्रीन या स्त्री वैमानिकाने. ब्रिटिश शाखेची गोष्ट आपल्या जवळची आहे. जॅक हेमिंग्ज हा रॉयल एअर फोर्सचा अधिकारी युद्धकाळात कलकत्त्यात तैनात होता. बंगालच्या उपसागरावर आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर त्याच्या तुकडीने गस्त घातली. १९४८ मध्ये स्टुअर्ट किंग या सहकाऱ्यासह तो एका छोट्या माइल्स जेमिनी विमानातून आफ्रिकेच्या पाहणीला निघाला. नकाशे अपुरे होते आणि हवामानाची माहिती त्याहून अपुरी. बुरुंडीच्या डोंगरात त्यांचे विमान कोसळले. दोघेही वाचले आणि काम पुढे चालू राहिले. आज या संस्थेची शंभराहून अधिक विमाने वीस-पंचवीस देशांत उडतात. आपल्या शेजारच्या बांगलादेशातही गेल्या शतकाच्या अखेरीपासून तिचे पाण्यावर उतरणारे विमान नदीपात्रातल्या चरांपर्यंत डॉक्टर पोहोचवत आले आहे.

या साऱ्याचा आर्थिक पाया चमत्कारिक आहे. वैमानिक किंवा यंत्रज्ञ आपल्या वेतनाची सोय बहुधा स्वतःच करतो. मायदेशातल्या चर्चमधून, नातेवाइकांकडून, ओळखीच्यांकडून दरमहा वर्गणी गोळा होते. संचालक मंडळांवर निवृत्त वैमानिक, हिशेबनीस, वकील असे लोक विनामोबदला बसतात. पिस्टन इंजिनांना लागणारे विमानांचे पेट्रोल जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत मिळेनासे झाले तेव्हा जेट इंधनावर चालणारे, आखूड धावपट्टीवर उतरणारे ‘कोडियाक’ नावाचे विमान अमेरिकेच्या आयडाहो राज्यात तयार झाले. त्याच्या निर्मितीसाठी मिशनरी संस्थांनी आगाऊ पैसा उभा केला आणि त्या बदल्यात त्यांना काही विमाने उत्पादनमूल्यात मिळण्याचा करार झाला. बाजार ज्या ग्राहकाकडे ढुंकून पाहत नाही त्याच्यासाठी स्वयंसेवी पैशाने यंत्र घडवणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पैसा जिथून येतो तिथे हिशेब द्यावा लागतो. वर्गणी देणारा टेक्सासमध्ये असतो आणि विमानाची वाट पाहणारा खोऱ्यात. दोघांच्या अपेक्षा सारख्या असतीलच असे नाही.

या विसंगतीची किंमत अनेकदा मोजली गेली आहे. १९५६ च्या जानेवारीत इक्वेडोरच्या जंगलात वाओरानी जमातीशी संपर्क साधू पाहणारे पाच अमेरिकी मिशनरी भाल्यांनी मारले गेले. त्यांतला वैमानिक नेट सेंट याने घिरट्या घालणाऱ्या विमानातून लांब दोरीला बादली बांधून ती जमिनीवर जवळपास स्थिर ठेवण्याची युक्ती शोधली होती आणि तिच्यातून कित्येक आठवडे भेटवस्तू खाली सोडल्या होत्या. तांत्रिकदृष्ट्या ती विलक्षण होती. खालच्या लोकांना ही भेट हवी आहे काय, हे विचारण्याची कोणतीही युक्ती मात्र त्या विमानात नव्हती. मारले गेलेले पाचजण पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात हुतात्मे ठरले आणि मिशनरी उड्डाणांकडे तरुणांचा ओघ वाढला. वाओरानींच्या प्रदेशात पुढे तेल कंपन्याही आल्या, ती गोष्ट तेवढ्या उत्साहाने सांगितली जात नाही.

त्यानंतरच्या घटना वेगळ्या धोक्याकडे बोट दाखवतात. एप्रिल २००१ मध्ये पेरूच्या हवाई दलाने अमेरिकी गुप्तचर खात्याच्या टेहळणीच्या आधारे एक मिशनरी विमान अमली पदार्थांचे समजून पाडले. त्यात एक आई आणि तिचे तान्हे मूल दगावले. जानेवारी २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतात विभाजनवादी बंडखोरांनी मिशन एव्हिएशनचे विमान जाळले; वैमानिक बचावला. २०२३ मध्ये त्याच प्रदेशात एका खासगी कंपनीच्या परदेशी वैमानिकाचे अपहरण झाले आणि दीड वर्षाहून अधिक काळ तो बंडखोरांच्या ताब्यात राहिला. लष्कराला वाटते विमान बंडखोरांचे, बंडखोरांना वाटते ते लष्कराचे. ज्या खोऱ्यात राज्यसंस्थाच वादग्रस्त आहे तिथे ‘आम्ही फक्त सेवा करतो’ हे वाक्य जमिनीवरून ऐकू जात नाही. ब्राझीलमध्ये २०२० साली एका मिशनरी संस्थेने बाह्य जगाशी संपर्क नसलेल्या जमातींच्या प्रदेशाजवळ काम करण्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याचे उघड झाले तेव्हा आदिवासी संघटनाच न्यायालयात गेल्या. साथीच्या काळात जावारी खोऱ्यात मिशनऱ्यांना बंदी घालणारा आदेश त्याच वर्षी निघाला. त्या लोकांच्या शरीरात साध्या सर्दीतापाशी लढण्याचीही ताकद नसते. तिथे विमानाच्या दारातून उतरणारा सद्भावी माणूस हाच रोगाचा वाहक ठरू शकतो.

भारताने हे सारे पाहण्याच्या आधीच आपला निर्णय घेतलेला होता. तो एका दिवशी, एका कायद्याने घेतलेला नाही. अनेक पदर साचत गेले. १८७३ च्या ‘इनर लाइन’ नियमनाने ब्रिटिशांनी ईशान्येच्या डोंगरांत परवानगीविना प्रवेश रोखला होता. स्वतंत्र भारताने ती रेषा पुसली नाही. नेफात परदेशी मिशनऱ्यांना काम करू द्यायचे नाही, हे धोरण नेहरूंच्या काळात आणि व्हेरिअर एल्विन यांच्या सल्ल्याने पक्के झाले. मराठी वाचकाला आठवावी अशी गोष्ट नागपूरची आहे. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली तिथल्या सरकारने १९५४ मध्ये एक समिती नेमली. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारा तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. वैद्यकीय किंवा तत्सम व्यावसायिक सेवा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापरण्यास कायद्याने मनाई करावी, अशी तिची शिफारस होती. अहवालावर एकांगीपणाची टीका झाली आणि ती निराधार नव्हती. परंतु खाटेवर पडलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा त्यातला प्रश्न टीकेने पुसला जात नाही. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क यांत रेषा ओढली. आता मिशनरी कामासाठी स्वतंत्र व्हिसा, परदेशी देणगीसाठी २०१० चा कायदा, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला ती देणगी पुढे देण्यास मनाई करणारी २०२० ची दुरुस्ती, उड्डाणासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आणि सुरक्षा मंजुरी, असे दरवाजे एकापाठोपाठ एक उभे आहेत.

ही भीती पोकळ नाही हे २०१८ च्या नोव्हेंबरात दिसले. एका मिशनरी संस्थेकडून प्रशिक्षण घेतलेला अमेरिकी तरुण मच्छीमारांना पैसे देऊन उत्तर सेंटिनेल बेटावर गेला आणि बेटवासीयांच्या बाणांनी मारला गेला. अंदमानच्या आदिम जमातींच्या संरक्षणाचे नियमन १९५६ पासून लागू आहे. तरीही त्याच वर्षी पर्यटनवाढीच्या नावाखाली केंद्राने एकोणतीस बेटांवरील प्रतिबंधित क्षेत्राच्या परवान्याची अट शिथिल केली होती आणि त्या यादीत सेंटिनेलचेही नाव होते. म्हणजे दार मिशनऱ्याने ढकलले, पण कडी आपणच सैल केली होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशनरी विमान भारताच्या दुर्गम भागात आले नाही, तेव्हा तिथे कोणते विमान आले? ५ मार्च १९६६ रोजी ऐझॉलवर विमाने आली ती भारतीय हवाई दलाची होती आणि त्यांनी आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर मारा केला. मिझोंच्या एका पिढीची विमानाशी पहिली ठळक ओळख अशी झाली. अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यात विजयनगर हे गाव मियाओपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तिथले लिसू लोक आणि निवृत्त सैनिकांची कुटुंबे अनेक दशके हवाई दलाच्या फेऱ्यांवर आणि अनेक दिवसांच्या पायपिटीवर अवलंबून राहिली. हवामान बिघडले की मीठ महागते. ते लिसू बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्यापर्यंत ती श्रद्धा विमानाने आलेली नाही; ती ब्रह्मदेशाच्या बाजूने पायवाटेने आली. आकाश बंद ठेवल्याने धर्म थांबत नाही, औषध मात्र थांबू शकते.

मग या देशात दुर्गम वस्तीपर्यंत कोण पोहोचले? त्याचे एक उत्तर म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये मिळते. हे नाव आता इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण संकुलामुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. त्याच वसाहतीत, रिंगरोडलगत, ‘स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट’चे म्हैसूरमधील ठाणे आहे. १९८४ मध्ये म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने ही संस्था काढली. पन्नासेक किलोमीटरवरच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात जेनू कुरुब, काडू कुरुब, येरव या जमाती राहतात. बंडीपूरचा व्याघ्रप्रकल्प आणि कबिनीचे धरण या दोहोंनी त्यांना जंगलाबाहेर ढकलले होते. तरुण डॉक्टरांनी तिथे छोटा दवाखाना उघडला आणि मग अनुभवातून शिकत शाळा, रुग्णालय, प्रशिक्षण अशी एकेक गोष्ट जोडली. सरगूरला रुग्णालय उभे राहिले, होसहळ्ळीला आदिवासी मुलांची शाळा. शेजारच्या चामराजनगरात बिळिगिरीरंगन टेकड्यांवर डॉ. एच. सुदर्शन यांनी १९८१ पासून सोलिगांमध्ये असेच काम उभे केले. ही कामे हिंदू संन्याशाच्या प्रेरणेने झाली, ख्रिस्ती मिशनच्या नव्हे. पण प्रश्न तोच होता. बाहेरून आलेला, शिकलेला, श्रद्धेने भारलेला तरुण जंगलातल्या माणसाचे हित कोणत्या अधिकाराने ठरवतो? हेब्बाळहून स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेलाही त्याचे उत्तर शोधावे लागते. विवेकानंदांचे नाव घेतल्याने ते आपोआप मिळत नाही, जसे येशूचे नाव घेतल्याने क्वीन्सलँडमध्ये मिळाले नव्हते.

महाराष्ट्रात त्याच उत्तराचा सर्वांत धीट प्रयोग ज्या दांपत्याने केला ते दोघेही ख्रिस्ती होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये दुष्काळी जामखेडमध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी डॉक्टर गावोगाव पोहोचवण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी गावाकडेच एक बाई मागितली. बहुधा निरक्षर, अनेकदा दलित, कधी टाकलेली अशी ती बाई असे. तिला बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांची ओळख करून दिली आणि तिलाच आरोग्यसेविका केले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा विचार झाला तेव्हा जामखेड जगापुढे होतेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तोच धागा पुढे नेला. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्या स्त्रियांमुळे नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. ‘आशा’ कार्यकर्तीच्या मागे ही वंशावळ आहे. पापुआतला रेडिओवाला आणि जामखेडची आरोग्यसेविका एकाच जातकुळीची माणसे आहेत. यंत्र किंवा डॉक्टर येईल तेव्हा येईल. कोणाला काय हवे आहे हे आधी ती जाणतात.

इथपर्यंत आले की आपल्याकडचे विचारवंत थांबतात. विमानाची गरजच नाही, पायवाट आणि आशाताई पुरेशा आहेत, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो खरा नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर आरोग्यसेविकेच्या हातात काही तास असतात, त्याहून जास्त नाही. भामरागडमध्ये पर्लकोटेला पूर आला की तालुक्याच्या ठिकाणाचाच रस्ता तुटतो. हेमलकशाला १९७३ पासून उभ्या असलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अनेक दशके जे रोगी पाहिले, त्यांतले कितीतरी खाटेची कावड करून नदीनाले ओलांडून आणलेले होते. खाट ही आपली हवाई रुग्णवाहिका. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. पाणी आपणच आणले होते, तेव्हा होडी पुरवणे हे औदार्य म्हणता येत नाही.

सरकारचे स्वतःचे आकाश कसे चालते ते पाहू. २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली. सामान्य माणसाला विमानप्रवास घडवण्याची ही योजना. हेब्बाळपासून काही किलोमीटरवरच्या मंडकळ्ळी विमानतळालाही तिच्यामुळे पुन्हा विमाने मिळाली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ वर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली. कारण साधे आहे. अनुदान आसनामागे आहे, गरजेमागे नाही. ज्या पाड्यावर तिकीट काढणारा प्रवासीच नाही तिथे आसनाचे अनुदान कोणाला देणार? ऋषिकेशच्या एम्समधून ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू झाली. मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना त्या हेलिकॉप्टरची शेपटी मोडली, सुदैवाने आतले तिघेही वाचले. एकच यंत्र असलेली सेवा एका अपघाताने थांबते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप या गावी डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने लशी गेल्या. रस्त्याने चाळीस मिनिटांचे अंतर ड्रोनने नऊ-दहा मिनिटांत कापले आणि छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्या प्रयोगातून जव्हारला रोजची सेवा मिळाली नाही. मिशनरी विमानसेवेकडून शिकण्यासारखी गोष्ट कोणती असेल तर ती कंटाळवाणी आहे: दर मंगळवारी येणे. फीत कापण्याचे कौतुक पहिल्या उड्डाणाला मिळते, गावाचे भले चारशेव्या उड्डाणाने होते.

गडचिरोलीत हेलिकॉप्टर आहे. ते नक्षलविरोधी मोहिमांसाठी पोलिसांच्या दिमतीला आहे. जखमी जवानांना ते नागपूरला नेते आणि पुरात अडकलेल्या गर्भवतीलाही त्याने कधीमधी उचलले आहे. असे झाले की वृत्तपत्रांत बातमी येते, आणि ती येते यातच सारे आले. हक्काने मिळणाऱ्या सेवेची बातमी होत नाही. शिवाय पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उतरलेली बाई गावात कोणाच्या नजरेने पाहिली जाईल, हा विचार भामरागडच्या माणसाला अनेक वर्षे करावा लागला आहे. पेरू आणि पापुआतल्या वैमानिकांना जे कळले ते इथेही लागू पडते. विमानाच्या रंगावरून त्याचा पक्ष ठरतो. वैद्यकीय उड्डाण पोलिसांपासून वेगळे असले पाहिजे, त्याचा रंग वेगळा, पैसा वेगळा आणि ते बोलावण्याचा अधिकार वेगळ्या हातात. मिशनरींना आपण जे सांगत आलो, की सेवेच्या पाठीवर दुसरा हेतू लादू नका, ते राज्यसंस्थेनेही स्वतःला सांगायला हवे.

तो अधिकार कोणाच्या हातात असावा याचे कायदेशीर उत्तर अर्धे तयार आहे. पेसा कायदा १९९६ चा आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वळती करता येते. त्या तेरांत हेलिकॉप्टर उतरण्याची जागा नाही, ड्रोनचा तळ नाही. कायदा झाला तेव्हा कोणाला सुचले नाही. त्यात दोष काही नाही. आज मात्र भामरागड, एटापल्ली किंवा धडगावच्या एखाद्या ग्रामसभेला रुग्णाच्या उड्डाणासाठी शाळेच्या मैदानाएवढी मोकळी जागा राखायची असेल तर तिला केंद्राच्या वन खात्याची पायरी चढावी लागते. लोहखनिजाच्या कंपनीला त्याच पायरीवर वकील, सल्लागार आणि सवड असते, ग्रामसभेला नसते. चौदावी सोय जोडण्यासाठी दुरुस्ती लागेल ती एका ओळीची.

जागा मिळाली तरी राखणार कोण हा प्रश्न उरतोच. पापुआ न्यू गिनीत वसाहतकाळात आणि नंतर उभ्या राहिलेल्या शेकडो ग्रामीण धावपट्ट्यांपैकी अनेक निव्वळ गवत न कापल्यामुळे बंद पडल्या; त्या पुन्हा उघडण्यासाठी मिशन एव्हिएशनलाच वेगळी संस्था काढून गावकऱ्यांना यंत्रे आणि थोडे मानधन द्यावे लागले. आपल्याकडे त्यासाठी नवी संस्था नको. मेंढा लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तेव्हापासून गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचे लाखोंचे व्यवहार चोख हिशेबाने सांभाळत आहेत. उतरण्याच्या जागेचे गवत, वाऱ्याची खूण दाखवणारी कापडी नळी, वजनाचा काटा, पहाटेचा दूरध्वनी आणि आधी कोण जाणार याची भिंतीवर लिहिलेली यादी त्यांच्या हाती सोपवायला अडचण कसली? त्या यादीत रुग्णाचा धर्म लिहायचा नाही, आणि उड्डाणाचा खर्च कोणी दिला हे मात्र लिहायचे. मग पैसा सरकारचा असो, कंपनीचा असो, हेब्बाळच्या संस्थेचा असो किंवा एखाद्या चर्चचा असो, गावाला तो वाचता येईल.